सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, तू कॅमेरा नेहमी छताकडे का करून ठेवतेस? आम्हाला पंखाच दिसतो. आजोबा कुठेत?" थोरल्याने तिला समजावलं की आजीला फोन नीट धरता येत नाही. मी हसले आणि तुमच्याकडे थंडी किती आहे ते विचारलं.

फोन मला नीट धरता येतो. कॉलेजच्या ग्रंथालयात संगणक आला तेव्हा सगळी पुस्तकं त्यात चढवण्याचं काम मीच केलं होतं. पंखा मी मुद्दाम दाखवते.

त्याच फोनमध्ये थोरला म्हणाला की त्याच्या कॉलेजातल्या एका मराठी मुलीने त्याला 'तो' व्हिडिओ दाखवला आणि त्याने अभिमानाने सांगितलं, हे माझेच आजोबा. तेव्हा मला कळलं की आता गप्प राहून चालणार नाही. फोनवर हे बोलता येत नाही, कारण आजोबा शेजारच्या खुर्चीत बसलेले असतात आणि त्यांना अजून उत्तम ऐकू येतं. म्हणून लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण यातलं सगळं मराठीतच घडलं. सावकाश वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

तुम्ही आजोबांना सुट्टीतले आजोबा म्हणून ओळखता. अंधेरीच्या आणि मग दिंडोशीच्या कोर्टातले वकील म्हणून तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. त्यांचा नियम एकच होता: अशिलाची गोष्ट घरात आणायची नाही. एकदा आमच्याच इमारतीतल्या एका जोडप्याचं घटस्फोटाचं प्रकरण त्यांच्याकडे होतं. मला पत्ता नाही. मी जेवताना त्या दोघांविषयी खाली ऐकलेलं सगळं रंगवून सांगत होते आणि हे शांतपणे आमटी भुरकत होते. निकाल लागल्यावर मला लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडून कळलं की वकील आपलेच होते. घरी येऊन मी रागावले. ते म्हणाले, "तू सांगत होतीस, मी ऐकत होतो. मी काही विचारलं का?"

तर अशा माणसाला डॉक्टरांनी सांगितलं की त्यांची स्मृती जाणार आहे. एकदम नाही, हळूहळू. ते आधी शब्द विसरतील, मग जागा, मग माणसं. आम्ही रिक्षाने बोरिवलीला परत येत होतो. हायवेवर गाड्या अडकल्या होत्या. ते बाहेर बघत होते. मग म्हणाले, "हे आपल्या दोघांत. मुलाला सांग, त्याचा तो हक्क आहे. बाकी कोणाला नाही."

मी हो म्हटलं. एखाद्या वकिलाने वकीलपत्र घ्यावं तसं ते मी घेतलं.

त्यानंतर आमची एक पद्धत बसली. बेल वाजली की दार उघडताना मीच मोठ्याने म्हणायची, "अहो, खालचे सेक्रेटरी आलेत, गेल्या वर्षी ज्यांच्या मुलीचं लग्न झालं ते." आजोबांना तेवढं पुरायचं. ते लगेच विचारत, "काय म्हणते मुलगी? सासरी रुळली?" सेक्रेटरी खूश. भाजीवाल्यापासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना मी असं मागच्यापुढच्या माहितीसकट घरात घेत असे. जिथे माझी मदत पोचायची नाही तिथे त्यांचा कोरडा विनोद कामी यायचा. लोक म्हणायचे, वकीलसाहेब अजून तसेच आहेत. मला ते ऐकून रोज थोडं बरं वाटायचं.

मग त्यांना एक्याऐंशी पूर्ण होत आली. या वयापर्यंत माणसाने हजार पौर्णिमा पाहिलेल्या असतात असं आपल्याकडे मानतात, म्हणून सहस्रचंद्रदर्शन करतात. वयाइतके दिवे लावून ओवाळतात, नातेवाईक जमतात, जेवण होतं. तुमच्या बाबांची आत्या, म्हणजे माझी धाकटी नणंद, घाटकोपरला राहते हे तुम्हाला माहीत आहे. तिचा फोन आला.

"वहिनी, सोसायटीचा हॉल बुक कर. दादाचं सहस्रचंद्रदर्शन करायचं."

"घरातल्या घरात करू गं. आपण चार माणसं."

"घरातल्या घरात? माणूस हजार पौर्णिमा बघतो आणि तू त्याला फ्रीजसमोर ओवाळणार?"

"त्यांना गर्दी आवडत नाही आता."

"आयुष्यभर कोर्टात काय एकांतात बसायचा?"

तिच्याशी बोलून कोणी जिंकलेलं नाही. नाही म्हणायला मला कारण हवं होतं, आणि खरं कारण तेवढं एकच होतं, जे मी कोणाला सांगणार नव्हते. तब्येत बरी नसते म्हणावं तर ती दुसऱ्या दिवशी डॉक्टरचा नंबर घेऊन हजर झाली असती. मी हॉल बुक केला.

आपल्याकडे समारंभ म्हटला की बॅनर आलाच. नणंदेच्या मुलाने तो घाटकोपरला छापून आणला. काळ्या कोटातला आजोबांचा फोटो, पूर्ण नाव, मागे ॲडव्होकेट, जन्मतारीख, खाली सोसायटीचं नाव आणि विंगसुद्धा, सगळं सोनेरी अक्षरांत. खुर्चीच्या मागे भिंतभर तो लागला. सगळ्यांनी कौतुक केलं. त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. आमच्यासाठी बॅनर हा हॉलपुरताच असतो. हॉलमध्ये आलेल्यांना पत्ता ठाऊकच असतो.

सुरुवातीला सगळं नीट चाललं होतं. मी त्यांच्या खुर्चीला लागूनच उभी होते आणि नमस्काराला येणाऱ्या प्रत्येकाची ओळख कानावर घालत होते. मग गुरुजींनी मला औक्षणाचं ताट आणायला पाठवलं. तेवढ्यात घोळ झाला. आजोबांनी समोर पाहिलं. पैठण्या, फुलं, गुरुजी, केटरिंगची माणसं. ते नणंदेच्या सुनेला म्हणाले, "मुलीकडची मंडळी आली का?"

हॉल हसला. तिच्या हातात फोन होताच. मी ताट घेऊन समोर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फार सभ्यपणे, एखाद्या अनोळखी बाईकडे पाहावं तसं, आणि शेजारी उभ्या असलेल्या भाच्याला सांगितलं, "अरे, या बाई कधीच्या उभ्या आहेत. यांना खुर्ची दे. कोणाकडून आल्यात?"

हॉलभर टाळ्या. मीही हसले. दुसरं काय करणार होते? हातात दिवे होते. मी म्हटलं, "मुलाकडून," आणि त्यांना ओवाळलं. आणखी मोठ्या टाळ्या.

व्हिडिओत तुम्ही पाहिलंत ते एवढंच. खाली लिहिलं होतं, 'एक्याऐंशीव्या वर्षीही आजोबांचा फ्लर्ट चालू आहे.' मागे सनई जोडली होती. थोरल्या, तुला ते गोड वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. पण आजोबा मला चिडवत नव्हते. त्या वेळी त्यांनी मला खरंच ओळखलं नव्हतं. त्या दिवसापर्यंत असं झालं नव्हतं. पहिल्यांदा झालं ते कॅमेऱ्यासमोर.

पुढच्या काही दिवसांत तो व्हिडिओ कुठे कुठे गेला ते मला समजेनासं झालं. लग्नांच्या पानांवर, 'जुनं प्रेम' म्हणवणाऱ्या पानांवर, कुठल्या दागिन्यांच्या दुकानाच्या जाहिरातीतही. खाली शेकडो नमस्कार आणि बदाम. कोणीतरी लिहिलं, 'हे आमचे वकील, माझी जागा यांनीच सोडवून दिली.' आणखी एकाने लिहिलं होतं, 'हा विनोद नाही, हा आजार आहे. घरचे हसतात कसे?' त्याच्यावर बाकीचे तुटून पडले होते की प्रत्येक गोष्टीत आजार दिसतो, मजा घ्यायला शिका. मी ते भांडण पुन्हा पुन्हा वाचलं. तो एकटा माणूस खरं बोलत होता आणि तो गप्प बसावा असं मला वाटत होतं.

मी नणंदेच्या सुनेला फोन केला. स्वभावाने ती गोड आहे, रागावता येत नाही.

"तो व्हिडिओ काढतेस का गं?"

"का मामी? लोक किती आशीर्वाद देतायत. माझा याच्याआधी एकही इतका चालला नव्हता."

"त्यात पत्ता दिसतो. बॅनरवरचा."

"अय्या, हो की. सॉरी मामी. करते काहीतरी."

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, 'मामी, डन.' मी उघडून पाहिलं. बॅनरवर तिने धुरकट पट्टी फिरवली होती. नाव गेलं, तारीख गेली, विंग गेली. त्या धुक्यापुढे आजोबांचा चेहरा आधीपेक्षा स्वच्छ दिसत होता. जुनी प्रत तर कधीच लोकांनी उचलली होती.

मग मी स्वतः तक्रार केली. आधी मुद्दे कागदावर काढून, ग्रंथपालाच्या इंग्रजीत. पण लिहायला तिथे जागाच नव्हती. दिलेल्या कारणांतून एक निवडायचं होतं. हिंसा, नग्नता, फसवणूक, द्वेष, स्वतःला इजा. एका नवऱ्याला आपली बायको ओळखू आली नाही आणि ते जगाने पाहू नये, यासाठी त्यात कारण नव्हतं. त्यातल्या त्यात जवळचं निवडलं. उत्तर आलं की व्हिडिओ नियमांत बसतो.

दरम्यान माणसं घरी यायला लागली. जुने अशील, लांबचे चुलतभाऊ, ओळखीच्यांचे ओळखीचे. दारात उभं राहून प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: "साहेब, मला ओळखलंत का?" पूर्वी मी ओळख करून द्यायची तेवढा वेळ तरी लोक देत. आता कोणी देत नव्हतं. मी तोंड उघडलं की म्हणत, "नाही नाही, वहिनी, तुम्ही सांगू नका, त्यांनाच सांगू दे." त्यांना वाटायचं हा खेळ आहे. आजोबा खुर्चीचे हात घट्ट धरून माझ्याकडे बघत.

लिफ्टमधली गोष्ट मी तुमच्या बाबांनाही सांगितलेली नाही. आम्ही सकाळी बागेतून फिरून परत येत होतो. वरच्या मजल्यावर नवीनच राहायला आलेला एक तरुण आमच्याबरोबर आत शिरला. त्याने ओळखलं, खूश झाला, फोन उभा धरला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आजोबा, बोला ना, या कोण?"

दार बंद झालं होतं. ती एवढीशी जागा. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. याचं उत्तर आपल्याला यायला हवं एवढं त्यांना समजत होतं, आणि ते येत नव्हतं. त्यांनी मान ताठ केली आणि कोर्टात बोलत त्या आवाजात म्हणाले, "या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी बांधील नाही."

तो तरुण पोट धरून हसला. "एक नंबर, आजोबा." संध्याकाळपर्यंत तेही लोकांच्या फोनवर होतं.

घरात आल्यावर आजोबांनी मला विचारलं, "मी काही चुकीचं बोललो का?"

"नाही. अगदी बरोबर बोललात."

"मग तो हसला का?"

त्यानंतर मी बागेत जाणं बंद केलं. जिन्याने त्यांना उतरवत नाही आणि लिफ्टमध्ये कोण भेटेल याचा भरवसा नाही. बेल वाजली की मी आधी दाराच्या भोकातून पाहायची आणि पुष्कळदा दार न उघडताच उभी राहायची, बाहेरचा माणूस कंटाळून जाईपर्यंत. समोरच्या विंगच्या खिडक्यांकडचे पडदे ओढून घेतले. तुमच्याशी बोलताना फोन छताकडे केला तो तेव्हापासून. तुमच्यावर अविश्वास नव्हता. पण त्या दोन व्हिडिओंपर्यंत मला कोणाच्याही हातातला फोन दिसला की तो फक्त फोन दिसायचा. आता तसं होत नाही.

आजोबांना हे काहीच कळत नव्हतं. ते सकाळी अंघोळ करून, बूट घालून दारापाशी उभे राहायचे. "उशीर होतोय. दार उघड." मी म्हणायची, "आज कोर्टाला सुट्टी आहे." "कसली?" मी काहीतरी सांगायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट. कडीला मी कुलूप लावायला लागले. किल्ली माझ्या कमरेला. घरात आम्ही दोघंच आणि दोघांनाही बाहेर जायचं असे. तुम्हाला हसू येईल, पण त्या दिवसांत मला वाटायचं की त्यांनी बाहेर जाऊन जगासमोर मला शंभर वेळा विसरावं, पण हे कुलूप नको. आणि किल्ली मात्र मी सोडत नव्हते. त्यांना दिलेला शब्द मोडला तर निदान घरच्या लोकांकडून हे थांबवता आलं असतं. शब्द पाळला तर दार असंच बंद राहणार होतं.

एका दुपारी नणंद न सांगता आली. दाराबाहेरूनच ओरडली, "वहिनी, भोकातून बघतेयस ते मला दिसतंय. उघड." करंज्यांचा डबा होता हातात. आजोबा बाल्कनीतल्या खुर्चीवर होते, पायात बूट. तिने बूट पाहिले, कडीचं कुलूप पाहिलं आणि सरळ स्वयंपाकघरात आली. मी चहा टाकला, आणि ओट्याकडे तोंड करूनच तिला सगळं सांगितलं. डॉक्टर, रिक्षा, त्यांचा शब्द.

ती म्हणाली, "माहितीये मला."

मी वळले.

"राखीला मी आले होते ना, तेव्हा त्याने मला आईच्या नावाने हाक मारली. दोनदा. मला वाटलं तू सांगशील. तू बोलली नाहीस, म्हणून मीपण नाही बोलले."

"मग तो हॉल कशाला घ्यायला लावलास? माणसं कशाला जमवलीस?"

"तो माणसांत आहे तोवर एकदा करायचं होतं गं. पुढच्या वर्षी कोणाला ओवाळणार होते मी?" तिने पदराने नाक पुसलं. "आणि ही आमची सून फोन घेऊन उभी राहील हे मला काय माहीत."

मी तिच्यावर चिडले होते, आणि मला इतकं हलकंही कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. इतके दिवस एकाच दाराला ती बाहेरून टेकून उभी होती आणि मी आतून.

तिने तिथूनच सुनेला फोन लावला. "तो व्हिडिओ काढ. आत्ता. का ते घरी आल्यावर सांगते. नाही, ब्लर नाही. काढ." पुढच्या रविवारी ती सून आली, डोळे सुजलेले. माझ्या पायांशी बसली. मी तिला उठवलं आणि कामाला लावलं. दुपारभर बसून तिने व्हिडिओच्या जेवढ्या नकला सापडल्या तेवढ्या पानांना लिहिलं. मी मजकूर सांगत होते, ती टाइप करत होती. बऱ्याच जणांनी काढला. दागिन्यांच्या दुकानाने माफी मागितली. एकाने उत्तर पाठवलं, 'आजोबांना नमस्कार, पण व्हिडिओ पब्लिक आहे.' एकाने उत्तरच दिलं नाही. लिफ्टमधल्या तरुणाकडे मी स्वतः वर गेले. दारातच एक वाक्य सांगितलं. त्याने माझ्यासमोर तो पुसला आणि नंतर बराच वेळ माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

आजोबांना दिलेला शब्द मी मोडला आहे. त्यांना ते सांगितलेलं नाही, कारण शब्द दिल्याचं त्यांना आठवत नाही. आधी नणंदेला, मग तिच्या सुनेला, मग त्या तरुणाला, आणि आता तुम्हाला. यापुढे यादी वाढवायची नाही.

थोरल्या, तुझ्याही फोनमध्ये त्या व्हिडिओची प्रत असेल. ती पुसून टाक. हे मी विचारत नाही, सांगते आहे. त्या मुलीलाही सांग, कारण सांगण्याची गरज नाही. धाकटे, रविवारी फोन टेबलावर पालथा असेल. आजोबा बोलतील, मनात आलं तर खूप बोलतील. मी कोण ते त्यांना विचारू नकोस, तू कोण तेही विचारू नकोस. शाळेत आठवडाभर काय झालं ते सांग. सुट्टीत आलात की त्यांना हवं तेवढं डोळे भरून पाहा.

कुलूप आता फक्त दुपारी लावते. लिफ्ट रिकामी असते अशा वेळी आम्ही खाली जातो, बागेपर्यंत नाही, गेटपर्यंत. गेटच्या पलीकडे कोणाकडे काय आहे ते मला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही.

मूळ व्हिडिओ गेला. माझ्या माहितीतल्या दोन नकला अजून आहेत, त्या मला काढता आल्या नाहीत. आजोबांना कायद्याची कलमं अजून आठवतात, वरणभातावर लिंबू पिळताना ते अजून बिया काढून ताटाच्या कडेला ओळीने लावतात, आणि दुपारी चहा पिताना ते मला जे सांगतात ते माझ्याशिवाय कोणाकडेही नाही.